पांढरा बुधवार

बुधवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२६. सकाळी सव्वासात वाजता पेमाबाईंनी दुकानाची पहिली दोरी सोडली.

लातुरात औसा रस्त्यालगत माझा एक मोकळा प्लॉट आहे. दिवाळी झाली की तिबेटी स्वेटरवाले तिथे बांबू रोवतात आणि थंडी सरली की उपटून नेतात. पाच-सहा दुकाने असतात. रस्त्याकडच्या कोपऱ्यावरचे दुकान पेमाबाईंचे. दरवर्षी सर्वांत शेवटी आवरणाऱ्या त्या. यंदा त्यांनीच आधी आवरायला घेतले.

त्यांच्याविषयी लिहा, असे मला कोणी सांगितलेले नाही. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. आयुष्यभर मोजणीची साखळी ओढली आणि शेताच्या हद्दी दाखवल्या. माणसाविषयी लिहिण्याचा सराव नाही. परंतु जिची खूण रोवलेली नसते ती हद्द पुढे नाकारली जाते, एवढे त्या नोकरीत शिकलो.

पेमाबाई बुटक्या. वय साठीच्या आसपास. नेमके त्यांनाही ठाऊक नव्हते. गालांवर तांबूस डाग, करड्या केसांच्या दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या. कर्नाटकात मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथे त्यांचा नवरा मक्याची शेती पाही आणि त्या हिवाळ्यात स्वेटर विकत. लातूरच्या आधी काही हिवाळे त्यांनी नांदेडला काढले होते. नांदेड का सोडले, असे मी एकदा विचारले.

"तिथं थंडी कमी, अण्णा." मग म्हणाल्या, "तिथं मला चिनी म्हणायचे."

लातुरात त्यांना नेपाळी म्हणत. ही त्यांना सुधारणा वाटली असावी.

त्यांची मराठी लातूरच्या रस्त्यावरच घडली होती. तीत मुंडगोडचे कन्नड मिसळलेले, आणि शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या गफूरभाईंची दखनीही. खोटे बोलून माल खपवणे त्यांना जमत नसे. एखादी बाई स्वेटर गालाला लावून विचारी, "मावशी, ही लोकर तिकडचीच ना? तिबेटची?"

"तिबेटहून फक्त मी आले. स्वेटर लुधियान्याचा हाय."

"मग काय उपेग?"

"उपेग हाय की. गरम स्वेटर हाय, मी न्हाई."

भाव एकच. कोणी शंभर रुपये कमी करा म्हटले, तर त्या हात जोडून म्हणत, "थंडीला सांगून या, शंभरानं कमी पड म्हणावं. मग मी बी करते." बाई हसे आणि पूर्ण पैसे देई.

एक सवय मात्र मला बरीच वर्षे उमगली नाही. समोर गिऱ्हाईक आले की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाई. स्लिपर घालून आलेल्या लेकराच्या पिशवीत त्या मोज्यांची जोडी गुपचूप सरकवीत. "पाय गार असंल तर वर कितीबी घाला," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. हिवाळा संपवून निघताना मलाही दरवर्षी लोकरीचे मोजे देत. मोजे घालावेत अशी थंडी लातुरात पडत नाही, मी ते वापरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्याने त्यांच्या देण्यात फरक पडला नाही. जुने मोजे मी गरजूंना देऊन टाकीत असे.

बुधवारी त्या मराठी बोलत नसत. हिंदी नाही, कन्नडही नाही. फक्त तिबेटी. त्या दिवशी घोळदार तिबेटी झगा घालत, बोटांनी भाव दाखवत आणि काही विचारलेच तर आपल्या भाषेत सविस्तर उत्तर देत. गिऱ्हाईक गोंधळून पुढच्या दुकानाकडे वळे. पुढचे दुकानदार बुधवारीही हिंदी बोलत. त्यांच्याविषयी पेमाबाई कधी वावगे बोलल्या नाहीत. "त्यांना पोरं शिकवायची हायेत," म्हणत.

हा नेम आधी नव्हता, मधल्या काळात सुरू झाला. मी कारण विचारले तो बुधवारच होता, म्हणून उत्तर गुरुवारी मिळाले.

"बुधवार आमच्या धर्मगुरूंचा वार. पांढरा बुधवार म्हणतात. तिकडं लोकांनी ठरवलं, या दिवशी आपल्याच भाषेत बोलायचं. मोर्चा काढला तर पकडतात. झेंडा धरला तर पकडतात. घरात बसून आपल्या भाषेत 'मीठ दे' म्हटलं तर कशाला पकडतील?"

"ते तिकडे. इथे तुम्हाला कोण अडवतंय?"

"कोणीच अडवत न्हाई, अण्णा. म्हणून तर इथं लवकर इसरतं."

माझी नातवंडे पुण्यात असतात. ती माझ्याशी काय आणि कोणत्या भाषेत बोलतात, हा वेगळा विषय आहे.

रिक्षा थांब्यावरच्या पोरांनी पैज लावली होती. जो मावशीला बुधवारी मराठी बोलायला लावील, त्याला बाकीच्यांनी गफूरभाईंच्या टपरीवर चहा आणि भजी द्यायची. ही पैज कित्येक हिवाळे चालली. एकाने दुकानामागून "मावशी, साप! साप!" म्हणून बोंब मारली. पेमाबाईंनी पाय वर घेतले, खाली पाहिले आणि तिबेटीत काहीतरी म्हणाल्या. शेजारचे दुकानदार पोट धरून हसले. तो पोरगा, "काय म्हन्ली? मला काय म्हन्ली?" असे दिवसभर विचारत हिंडला.

"कायकू सताते रे उनकू?" गफूरभाई त्यांना झापत. "आज उनकी जबान का दिन है. तुम्हारी तो रोज चलती, क्या अच्छा निकलता उसमें से?"

संदीपची ओळख वेगळ्या प्रकारे झाली. चीनच्या सीमेवर चकमक झाली होती त्या हिवाळ्यात पाच-सहा तरुण घोषणा देत प्लॉटवर आले. पुढे संदीप. तेव्हा तो पंचविशीत असेल. कसल्याशा युवा मंचाचा अध्यक्ष. आमच्या भागात अध्यक्ष नसलेला तरुण मिळणे अवघड आहे.

"मावशी, चायना माल लातुरात चालणार न्हाई. जाळून टाकू समदा."

"जाळा की." पेमाबाईंनी स्वेटरचा गठ्ठाच त्याच्यापुढे ढकलला. "पर आधी एक सांग. चीननं घर कुणाचं घेतलं? तुझं, का माझं?"

संदीपच्या मित्राने एक स्वेटर उलटून पट्टी वाचली आणि हळूच म्हणाला, "भैया, लुधियाना लिव्हलंय." इतक्यात गफूरभाई टपरीतून बोलले, "संदीपभैया, हाथ में मोबाइल कौन सा है वो?"

लोक हसले. संदीपने मोबाइल खिशात घातला. तो रागावून जाईल असे मला वाटले. तसे झाले नाही. मित्रांना पाठवून तो एकटाच मागे राहिला आणि बाकावर बसून त्याने पेमाबाईंना विचारले, "खरंच घर घेतलं का हो तुमचं?" त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. दर हिवाळ्यात बांबू रोवायला येई. घरून धपाटे आणि दही आणून देई. पोलीस चौकीत निर्वासितांची नोंद करावी लागते, तिथे त्यांच्याबरोबर जाऊन तासन्‌तास बसे. हा मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचणाऱ्याचा राग त्याच्यावर जाईल.

एका वर्षी किल्लारीच्या शाळेने मुलांसाठी स्वेटर मागवले. तिथले मुख्याध्यापक माझ्या परिचयाचे, म्हणून पेमाबाईंबरोबर जीपमधून मीही गेलो. भूकंपानंतर नवे गाव वसवताना तिथल्या प्लॉटांची मोजणी करणाऱ्यांत मी होतो. रांगा सरळ आहेत, रस्ते काटकोनात मिळतात. पेमाबाई जीपमधून उतरल्या आणि गठ्ठा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"अण्णा, ही घरं कुणी मांडली?"

"सरकारने. मोजणी आम्ही केली."

"अशीच हायेत."

"काय अशीच आहेत?"

"माझ्या भनीचं घर."

त्यांची माणसे मेंढरे आणि याक घेऊन डोंगरात फिरणारी. चिनी सरकारने त्यांना खाली आणले, जनावरे विकायला लावली आणि रांगेतली घरे दिली; पेमाबाईंनी ती फोटोत पाहिली होती. कुरण नाही, जनावर नाही, काम नाही. याला प्रगती म्हणतात, असे तिथल्या फलकावर लिहिले आहे म्हणे.

"तुमच्याकडं जमीन हलली, म्हणून माणसं हलवली," पेमाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं जमीन हलली नव्हती."

शाळेजवळच्या एका म्हातारीने आम्हाला चहाला बोलावले. तिची दोन माणसे भूकंपात गेलेली. बोलता बोलता ती म्हणाली की, इतकी वर्षे झाली तरी स्वप्नात जुन्या गावातलेच घर दिसते. पेमाबाईंनी विचारले, "तिथं जाता येतं का तुम्हाला?"

"येतं की. सणावाराला जाऊन दिवा लावून येतो."

परतीच्या वाटेवर औसा मागे पडल्यावर पेमाबाई म्हणाल्या, "त्यांना दिवा लावता येतो."

त्यांची आई तिकडे वारली तेव्हा त्या लातुरात होत्या. बातमी फार उशिरा आली.

आता नोरबूविषयी. नोरबू हा त्यांचा धाकटा भाऊ. दुकानात पत्र्याची एक पेटी असे, तिच्या झाकणाला आतून त्याचा फोटो चिकटवलेला होता. रुंद चेहऱ्याचा, डोळे बारीक करून हसणारा माणूस. पेमाबाई पोरवयात घरातून निघाल्या, तेव्हा तोही बरोबर निघाला होता. बर्फाची खिंड लागण्याआधी त्याच्या बुटाचा तळ सुटला. तशा बुटांनी खिंड चढला असता तर पाय गमावले असते. वाटाड्याने त्याला गावाकडे जाणाऱ्या एका मेंढपाळाच्या स्वाधीन केले आणि बाकीच्यांना पुढे काढले.

"माझे बूट चांगले होते," पेमाबाई म्हणाल्या. एवढेच.

नोरबू तिकडेच वाढला. बहिणीची मुले सरकारी वसतिगृहाच्या शाळेत गेली. पाठवली नाहीत तर चालत नाही. तिथे सर्व काही चिनी भाषेत. सुटीत मुले घरी येत, आजी तिबेटीत विचारी, नातवंडे चिनीत उत्तर देत. दोघेही हसून गप्प बसत. हे पाहून नोरबूने हिवाळ्याच्या सुटीत घरातच मुलांना तिबेटी अक्षरे शिकवायला सुरुवात केली. एकदा ताकीद मिळाली, वर्ग बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात त्याने तो पुन्हा भरवला. तेव्हा त्याला नेले. कोणत्या कलमाखाली आणि किती काळासाठी, हे घरच्यांना सांगितले नाही. 'मीठ दे' म्हटल्याबद्दलही पकडतात, हे पेमाबाईंना असे समजले.

त्यानंतर एकच धागा राहिला होता. बहीण अधूनमधून मोबाइलवर आपल्या आवाजातला छोटा निरोप पाठवी. त्यात नोरबूचे नाव नसे. "मोठा मेंढा बरा आहे," म्हणजे तुरुंगात भेट झाली. "डोंगरावर बर्फ आहे," म्हणजे इतक्यात काही पाठवू नकोस. पेमाबाई ते निरोप कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत. त्यांना हव्या होत्या दोनच गोष्टी: नोरबू सुटावा, आणि तो सुटेपर्यंत बहिणीचा आवाज येत राहावा. दुसरी गोष्ट सर्वस्वी गप्प राहण्यावर अवलंबून होती. बाहेरच्या नातलगाने तोंड उघडले की आतल्या नातलगाच्या दारात पोलीस येतात. म्हणून त्यांनी नोरबूविषयी कुठे अवाक्षर काढले नव्हते. मला सांगितले, ते अनेक वर्षांच्या ओळखीनंतर.

गेल्या नोव्हेंबरमध्ये संदीपने तो फोटो पाहिला. पेटीत हात घालून सुटे पैसे शोधत होता.

"मावशी, ह्यो कोण?"

त्याने इतक्या आपुलकीने विचारले की पेमाबाईंनी सांगितले. सगळे सांगितले. संदीपचे डोळे भरले. मग त्याने मोबाइल बाहेर काढला.

"फोटो नको," पेमाबाई म्हणाल्या.

"माझ्यापाशीच ठिवतो, मावशी. देवाशपथ. ह्या माणसाला म्या रोज बघणार."

१० डिसेंबर हा मानवी हक्कांचा दिवस. गेल्या वर्षी तो बुधवारी आला. संदीपच्या मंचाने माझ्या प्लॉटवर लहानसा कार्यक्रम ठेवतो म्हणून आधी विचारले होते. पेमाबाईंचा सत्कार करायचा आहे, असे सांगितले होते. सत्काराला नाही म्हणण्याचे कारण मला दिसले नाही.

आमच्या भागात माणसावर जीव जडला की त्याचा फ्लेक्स होतो. वाढदिवस असो, नोकरी लागो, पुण्यस्मरण असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ते घडले असे कोणाला वाटत नाही. संदीपला पेमाबाईंविषयी जे वाटत होते, ते सांगण्याची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. सकाळी मी प्लॉटवर पोचलो तेव्हा दोन बांबूंमध्ये तो फ्लेक्स ताणून बांधलेला होता. मध्यभागी पुरुषभर उंचीचा नोरबू. त्याच्या बाजूला पेमाबाई. वर हात जोडलेले प्रमुख पाहुणे, खाली गोल चौकटींत मंचाचे सदस्य. मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'तिबेटचा ढाण्या वाघ', आणि खाली नोरबूचे पूर्ण नाव, गावाचे नाव, वर्ग भरवल्याची हकीकत. एकही चूक नव्हती. संदीपने सगळे नीट लक्षात ठेवले होते.

पेमाबाई मागच्या गल्लीतल्या खोलीवरून आल्या. बुधवारचा झगा, हातात थर्मास. त्यांनी फ्लेक्स पाहिला. थर्मास खाली ठेवला. संदीपजवळ जाऊन म्हणाल्या,

"उतरवा."

मराठीत म्हणाल्या.

रिक्षा थांब्यावरचा एक पोरगा ओरडला, "बोल्ली! मावशी बुधवारी बोल्ली!" दुसऱ्याने शिट्टी मारली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाची टाळी आहे हे न कळताच खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांनीही वाजवल्या. "गफूरचाचा, टाका भजी!" अशी आरोळी आली. गफूरभाईंनी स्टोव्ह बंद केला आणि टपरीची फळी ओढून घेतली.

"उतरवा, संदीप. आत्ता उतरवा."

"मावशी, लाजू नका. तुमचाच मान हाय ह्यो."

"नोरबूला मारतील. उतरव."

संदीपचा चेहरा क्षणभर बदलला. त्याने वर फ्लेक्सकडे पाहिले, मग रस्त्याकडे. "साहेब औशाहून निघालेत, मावशी. त्यांचा बी फोटो हाय वर. एक फोटो झाला की लगेच काढतो. लाइव्ह चालू हाय आता."

मी म्हणालो, "प्लॉट माझा आहे. काढ ते."

"काका, दोनच मिनिटं."

मी बांबूकडे गेलो. गाठी वर, शिडीवर चढून बांधलेल्या. शिडी टेम्पोतून परत गेली होती.

साहेब तासाभराने आले. तोपर्यंत मोबाइलवर सगळे लातूर तो फ्लेक्स पाहत होते, आणि लातूरच पाहत होते असे नव्हे. दोन बायकांनी पेमाबाईंना धरून खुर्चीवर बसवले. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मनोगतासाठी त्यांच्यापुढे माइक धरला. त्या बोलल्या नाहीत. मराठीत नाही, तिबेटीतही नाही. साहेब उठून म्हणाले, "त्यांचे मौनच किती बोलके आहे!" पुन्हा टाळ्या.

शब्द दिल्याप्रमाणे संदीपने नंतर फ्लेक्स उतरवला. लाइव्हही पुसून टाकले. पण ते ज्यांनी घ्यायचे त्यांनी घेतले होते.

जानेवारीत बहिणीचा निरोप आला. "थंडी ओसरली आहे. आता लोकर पाठवू नकोस. आम्हाला पुरेशी आहे." पेमाबाईंनी तिकडे कधी लोकर पाठवली नव्हती. त्यानंतर तो क्रमांक बंद झाला. काही दिवसांनी वसाहतीतल्या एका कुटुंबाकडून फिरत फिरत बातमी आली. पोलिसांनी बहिणीला बोलावून एक चित्र दाखवले होते. चित्रातला माणूस कोण, हे त्यांनी विचारले नाही. ते त्यांना माहीत होते. ही पिवळी अक्षरे कोणत्या भाषेतली आहेत आणि त्यात काय लिहिले आहे, असे विचारत राहिले. तिला ते कुठून ठाऊक असणार? तुरुंगातली भेट बंद झाली. नोरबूला दुसरीकडे हलवले. कुठे, ते कळलेले नाही.

संदीपला हे मी सांगितले. तो दुकानात आला, पेमाबाईंच्या पायांशी बसला आणि रडला. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "मावशी, आपण निषेधाचा फ्लेक्स लावू का? मोठा. शिवाजी चौकात?"

पेमाबाई हसल्या. त्या संपूर्ण हिवाळ्यात मी त्यांना तेवढे एकदाच हसताना पाहिले.

"पोरा, तुला दुसरं काही येतं का न्हाई?"

"न्हाई, मावशी," संदीप म्हणाला. तो खरे बोलत होता.

त्यांनी त्याला रागावून काही म्हटल्याचे मला आठवत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर म्हटले असते. बुधवारचा नेम त्यांनी त्यानंतरही सोडला नाही. फक्त रिक्षावाल्यांची पैज बंद झाली. ती जिंकून झाली होती.

परवा मंगळवारी संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर आल्या. ओट्यावर त्या सहसा येत नसत.

"अण्णा, ते मोठं चित्र कुठं हाय?"

"संदीपकडे असेल. जाळून टाकायला सांगतो."

"जाळू नका." त्यांचा आवाज एकदम चढला, मग खाली आला. "आमच्याकडं माणसं सोताला जाळून घेतात. भाषेसाठी. नोरबूला आग नको. पायाखाली बी नको. तुमच्याकडं ठिवा."

"ठेवतो."

"पुढच्या थंडीला येते का न्हाई, म्हाईत न्हाई."

पुढच्या थंडीला प्लॉट मोकळा असेल, एवढे म्हणायला हवे होते, असे लिहिताना वाटते.

बुधवारी सकाळी दोऱ्या सुटल्या, बांबू निघाले, गठ्ठे टेम्पोत चढले. संदीप वाहून नेत होता. गफूरभाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि तेही पोचवायला आले. बसस्थानकावर हुबळीची गाडी लागली होती. पेमाबाईंनी संदीपच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिबेटीत काही म्हणाल्या. माझ्या हातात मोज्यांची जोडी दिली, करड्या रंगाची. मग खिडकीशी बसून त्या माझ्याशी बोलू लागल्या. बुधवार होता, तिबेटीत बोलल्या. बराच वेळ, घाई न करता, मधे थांबून, पुन्हा आठवून बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. मी मान डोलावत राहिलो. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या पायांकडे पाहिले. मी चपला घातल्या होत्या.

"क्या बोले, मोजणीसाब?" गफूरभाईंनी विचारले.

"समजलं नाही."

"फिर हौ हौ कायकू करते थे?"

"बुधवार आहे," मी म्हणालो.

तिथून मी संदीपला घेऊन त्याच्या घरी गेलो. फ्लेक्स शेळ्यांच्या खोपटाला वाऱ्याच्या बाजूने बांधला होता. छापील बाजू आत. एक कोपरा शेळ्यांनी चघळला होता. नोरबूचा चेहरा शाबूत होता. संदीप वर चढला आणि दोऱ्या सोडू लागला. शेळ्यांना आडोसा हवा, म्हणून मी घरून ताडपत्री आणून दिली.

दुपारी फ्लेक्स नळाखाली धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. उन्हे उतरल्यावर कात्री घेऊन पाहुण्यांची वरची पट्टी आणि मंचाची खालची पट्टी कापून वेगळी केली. त्या नेऊन संदीपला दिल्या. त्याने त्या घेतल्या.

उरलेल्याची घडी केली, नोरबू आत येईल अशी. ट्रंक उघडली. घडी तळाशी ठेवली, तिच्यावर मोज्यांची जोडी ठेवली आणि कडी लावली.